पौर्णिमेवर रुसणारे दुर्बीणराव

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमची अख्खी गल्ली चंद्र बघायला बाहेर यायची आणि दुर्बीणराव दार लावून आत बसायचे. कोणी कौतुकाने हाक मारली, "रायरे, बाहेर या, काय चंद्र उगवलाय!" तर आतून आवाज यायचा, "त्याला काय बघायचं? आज तव्यावरच्या दोशासारखा सपाट आहे तो." ज्या माणसाने आयुष्यातल्या सगळ्या मोकळ्या संध्याकाळी चंद्रापायी घालवल्या, त्याने ऐन पौर्णिमेला असं तोंड फिरवून बसावं, हे मला सुरुवातीला नुसतं ढोंग वाटलं होतं. एकदा मी विचारलंच. तेव्हा म्हणाले, "डोक्यावर ऊन आलं की खड्डा काय नि डोंगर काय, सगळं एकच दिसतं. सावली पाहिजे की हो! सावली नसली तर चंद्रावर उरतं काय? चुना."

मी मूळची नाशिकची. नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा घर शोधताना एजंट म्हणाला, "तुमच्याच भाषेचे लोक आहेत, वरचा मजला रिकामा आहे." मी अनुभवाने शहाणी झालेली होते. कांदा-लसूण, मांस-मच्छी, येणारेजाणारे, रात्री परतायची वेळ, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवूनच गेले. दुर्बीणरावांनी यातलं काहीच विचारलं नाही. डावा डोळा मिटून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय खाता ते खावा. कोण येतं ते येऊ द्या. पंचमीपासून एकादशीपर्यंत संध्याकाळी बाल्कनीचं लाईट लावायचं नाही. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. मी लगेच हो म्हटलं, कारण अशी अट घालणारा घरमालक लबाड असणं शक्य नव्हतं. वेडा असेल, पण तेवढं चालणार होतं.

तो डावा डोळा मिटण्याची गंमत मला नंतर कळली. दुर्बिणीला उजवा डोळा लावून लावून त्यांची सवयच झाली होती, की काही महत्त्वाचं बोलायचं असलं की डावा आपोआप मिटायचा. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही तो मिटायचा आणि भाजीवाला बिचारा गोंधळून भाव कमी करायचा. गल्लीतले कन्नड शेजारी त्यांना 'दुर्बीनु रायरु' म्हणत. मी त्याचं दुर्बीणराव केलं. तोंडावर मात्र काका.

त्यांचे पूर्वज रंगारी. कापड रंगवायचं आणि त्यावर लाकडी ठशांनी नक्षी छापायची, हा घराण्याचा धंदा. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच, पण ती अशी, की वाक्य मराठीत घराबाहेर पडायचं आणि कोपऱ्यावर जाईपर्यंत कन्नड व्हायचं. माझं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं. "तुमचं मराठी रेडिओचं, अल्वा? आमचं चुलीजवळचं," असं म्हणायचे. अल्वा म्हणजे नाही का. मला आधी ते झोंबायचं. पुढे नाशिकला गेल्यावर मीच आईला "स्वल्प थांब गं" म्हणायला लागले, तेव्हा झोंबणं आपोआप बंद झालं.

धंदा वडिलांबरोबर संपला आणि दुर्बीणरावांनी चष्म्याचं दुकान टाकलं. दुकान इतकं चिंचोळं, की डोळे तपासायला हवं तेवढं अंतरच मिळेना. म्हणून त्यांनी अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलट्या अक्षरांत टांगला होता आणि समोर आरसा लावला होता. आरशात बघून सुलटी अक्षरं वाचायची. दुर्बीणही त्यांना दुकानातच मिळाली. गाव सोडून चाललेल्या एका कॉलेजच्या मास्तरांनी ती त्यांच्याकडे विकायला ठेवली होती. संध्याकाळी सहज म्हणून त्यांनी ती दाराबाहेर चंद्राकडे वळवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विकत घेतली. "विकायची वस्तू आधी वापरून बघू नये," एवढाच धडा त्यातून शिकलो, असं ते सांगत.

घरामागच्या अंगणाला तिकडे हित्तल म्हणतात. त्या हित्तलात एक नारळ, एक शेवगा, कढीपत्त्याचं झुडूप आणि कपडे धुवायचा मोठा दगड होता. दगडाशेजारी तिपाई उभी राहायची आणि दुर्बीणराव दगडावर बसायचे. दुर्बिणीच्या टोकाला, डोळा लावायचा तिथे, कोपरासारखा वळलेला एक छोटा आरसा होता. त्यामुळे डोक्यावरचा चंद्र मान न मोडता, खाली बघून दिसायचा. मी पहिल्यांदा डोळा लावला आणि तो सगळा उजेड बघून "अगंबाई" म्हणाले. ते मागून ओरडले, "उजेडात बघू नका! काठावर बघा. ऊन आणि काळोख भेटतात तिथं."

मी डोळा काठावर नेला. पलीकडे काळोख, अलीकडे ऊन, आणि मधल्या पट्ट्यात प्रत्येक खड्ड्याची कड निराळी उठून दिसत होती. एका खड्ड्याचं पोट शाईसारखं काळं होतं आणि त्या काळ्यात मधोमध एकच ठिपका लखलखत होता. "तो आतल्या डोंगराचा शेंडा," दुर्बीणराव म्हणाले. "तिथं आत्ता सकाळ होते आहे. खाली तळाला अजून रात्र आहे. थोडं थांबा, ऊन उतरेल." मी ऑफिसातून वैतागून आलेली, स्वयंपाक व्हायचा, दुसऱ्या दिवशीची मीटिंग डोक्यात. पण त्या शेंड्यावरून ऊन उतरताना बघायला मी थांबले. ते घाई कधीच करू द्यायचे नाहीत. मोबाईलने फोटो काढायला गेलं तर हात धरायचे आणि म्हणायचे, "आधी डोळ्याने. मोबाईलला काय कळतं?"

चंद्रावरच्या जागांची पुस्तकातली नावं त्यांना पाठ होती, पण ती त्यांना परकी वाटायची. "सगळे लांबचे पंडित. त्यात आपला कोण आहे?" म्हणून त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. त्यातलं सगळ्यात लाडकं नाव बेट्टदपुर. चंद्राच्या वरच्या भागात एक विस्तीर्ण काळसर माळ आहे आणि त्यात एकच डोंगर एकटा उभा आहे. नवमीच्या सुमाराला त्याच्यावर पहिलं ऊन येतं आणि त्याची लांबच लांब सावली माळावर पडते. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, माहेर पिरियापट्टणचं. तिथल्या तंबाखूच्या शेतांतून बघितलं, की माथ्यावर देऊळ असलेला बेट्टदपुरचा डोंगर असाच सपाटीवर एकटा उठलेला दिसतो. लहानपणी काकू तो चढून देवळात जायच्या. चंद्रावरच्या डोंगराला बायकोच्या माहेरचं नाव देण्यात दुर्बीणरावांचा सरळसरळ डाव होता. काकूंनी एकदा तरी दुर्बिणीला डोळा लावावा.

कारण काकूंनी तो कधीच लावला नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांनी लावला, पोस्टमनने लावला, गॅस सिलिंडर टाकायला आलेल्या माणसानेही लावला. काकूंनी नाही. दुर्बीण मांडून झाली की ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून विचारायचे, "येतेस काय गं? बेट्टदपुरला ऊन आलंय." आतून काकू म्हणायच्या, "बेडा." म्हणजे नको. हे रोज. त्यांची विनवणी बदलायची, काकूंचं उत्तर तेच. मी एकदा काकूंची बाजू समजून घ्यायला गेले, तर भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "संकष्टीला मी त्याला हात जोडते, पाणी देते. त्याच्या अंगावरचे खड्डे काय मोजायचे? घरच्या माणसाचे व्रण मोजतो काय आपण?" बाहेर येऊन मी काकांना म्हटलं, "जमायचं नाही." ते डावा डोळा मिटून म्हणाले, "एकदा बघितलं ना तिनं, मला दुसरं काही नको." ते गमतीने म्हणाले नव्हते.

दसऱ्याचा मात्र त्यांना मनापासून राग. सगळं म्हैसूर ज्या दिव्यांची वर्षभर वाट बघतं, त्या दिव्यांवर डाफरणारा गावात हा एकच माणूस असेल. तिथला दसरा म्हणजे प्रतिपदा ते दशमी, नेमके सावल्यांचे दिवस, आणि नेमकं तेव्हाच रस्तोरस्ती बल्बांच्या माळा आणि घरोघरी पाहुणे. पाहुण्यांना चंद्र दाखवावा लागायचा. रांग लागायची आणि प्रत्येक रांगेत एक तरी शहाणा विचारायचा, "झेंडा दिसतो काय हो?" दुर्बीणराव शांतपणे सांगायचे, "दिसतो की. पण आज धुवायला काढलाय." दोन-तीन पाहुणे तरी ते खरं मानून गावी गेले असणार.

एका दसऱ्यानंतर त्यांनी नवा बेत केला. बायको चंद्राकडे येत नाही, तर चंद्रच तिच्याकडे न्यायचा. वडिलांच्या बारीक छिन्न्या पेटीतून निघाल्या, शिसवीचा एक गोल तुकडा आला, आणि बऱ्याच महिन्यांच्या संध्याकाळी दुर्बीण आणि लाकूड यांच्यामध्ये गेल्या. एकादशीचा चंद्र कोरायचा ठरला होता. "एकादशीला चंद्रावरचा ससा जवळजवळ पुरा दिसतो आणि काठाला सावलीही असते. ससा तिला, सावली मला," असं त्यांनी मला हळूच सांगितलं. मग एका रविवारी हित्तलात टेबलावर घोंगडी पसरून, पांढऱ्या सुती साडीवर त्यांनी निळ्या रंगात ठसा मारायला सुरुवात केली. बालपणी वडिलांना बघितलं होतं तेवढंच शिक्षण, पण हात चुकत नव्हता. पदरभर निळे चंद्र उमटले. मी एवढी टोमणे मारणारी, पण मीही साडीचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

साडी वाळली, घडी झाली आणि काकूंच्या हातात पडली. मी मुद्दाम तिथे थांबले होते. काकूंनी पदर उलगडला, उजेडात धरला, एका चंद्रावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगली आहे हो. पण हे उलटं झालंय."

"काय उलटं?"

"ससा. ससा ह्या बाजूला तोंड करून नसतो. त्या बाजूला असतो."

"तुला काय ठाऊक? मी रोज बघतो," दुर्बीणराव म्हणाले.

"मी पण बघते की. सुम्ने इरी, बाहेर जाऊन बघा एकदा."

सुम्ने इरी म्हणजे गप्प बसा. दुर्बीणराव गप्प बसले, पण बाहेर गेले. चंद्र नुकताच दिसायला लागला होता. ते हित्तलात उभे राहून, दुर्बिणीविना, दोन्ही डोळ्यांनी वर बघत राहिले. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हौदा." म्हणजे, खरं आहे.

झालं होतं असं. ठसा कोरायचा तर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कापडावर सुलटं उमटतं. रंगाऱ्याच्या घरात हे कोणी शिकवावं लागत नाही. वडील करायचे तसाच दुर्बीणरावांनी दुर्बिणीत बघून काढलेल्या चित्राचा कागद लाकडावर पालथा चिकटवला आणि कोरला. पण दुर्बिणीतल्या त्या कोपरासारख्या आरशाने चंद्र आधीच उलटा करून दिला होता. दिसतो तसाच कोरला असता तर कापडावर खरा चंद्र आला असता. आरशाचा तक्ता टांगून ज्यांनी गावाचे डोळे तपासले, त्यांना हे कळू नये! पण कळणार कसं? दुर्बीण आल्यापासून त्यांनी नुसत्या डोळ्यांनी चंद्राकडे धड बघितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी आरशातला चंद्र हाच खरा होता.

पुढचे काही दिवस दुर्बीण बाहेर आली नाही. मला वाटलं, आता खेळ खलास. पण काकू काय करतात तर एका लग्नाला नेमकी तीच साडी नेसल्या. निघताना कपाटाच्या आरशासमोर पदर नीट केला आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "या इकडं. आरशात सुलटा दिसतो बघा तुमचा चंद्र." दुर्बीणराव आरशाजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी जिन्यावरून बघितलं, आणि मला त्या दोघांचा हेवा वाटला. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, हे सांगायला हरकत नाही.

त्यानंतर त्यांच्यात एक बदल झाला. दर संकष्टीला ते काकूंबरोबर गच्चीवर जायला लागले. उपास नाही, कारण "भुकेल्या माणसाला नीट दिसत नाही." चंद्र उगवेपर्यंत काकू पळी-पंचपात्र घेऊन उभ्या आणि हे शेजारी. एका संकष्टीला त्यांनी काकूंना सांगितलं, की चंद्राच्या कडेला एक वेगळा गोल डाग आहे, पुस्तकात त्याचं नाव संकटांचा समुद्र. "आणि गंमत बघ, चतुर्थीला तो नेमका काळोखात बुडून जातो. आज नाही तिथं."

"म्हणजे माझा उपास पावतो म्हणायचा," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी अर्घ्य दिलं.

"पावतो. आता एकदा दुर्बिणीतनं बघतेस काय?"

"बेडा."

पुढे माझं लग्न झालं, रिंग रोडपलीकडे आम्ही फ्लॅट घेतला आणि हित्तलातल्या संध्याकाळी महिन्यातून एखाद्याच उरल्या. दुर्बीणरावांना दम लागायला लागला होता. दगडावर बसणं जमेना, मग तिपाई उचलणं जमेना. शेवटी ते खिडकीजवळच्या पलंगावरच असत. शेवटचं भेटायला गेले तेव्हा शुक्ल पक्ष चालू होता आणि खिडकीतून चंद्र दिसत होता. दुर्बीण कोपऱ्यात चादरीखाली झाकलेली. तरी त्यांनी डावा डोळा मिटला आणि स्वयंपाकघराकडे बघून क्षीण आवाजात विचारलं, "येतेस काय गं?" काकू हात पुसत दारात आल्या. "बेडा," म्हणाल्या, आणि त्यांच्या उशाशी बसल्या. थोड्याच दिवसांनी ते गेले. मी रडले ते स्मशानातून सगळे परत आल्यावर, त्या रिकाम्या दगडाकडे बघून. माझे वडील मी लहान असताना गेले होते. वडिलांच्या वेळी रडायचं राहून गेलं होतं, तेही तेव्हाच रडून घेतलं.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. "दुर्बीण एका शाळेला देऊन टाकावं म्हणते. त्याआधी एकदा येऊन मांडून देशील?" मी ऑफिसातून परस्पर गेले. सप्तमी होती. आकाशात अजून निळं होतं आणि अर्धा चंद्र नारळाच्या वर आला होता. मी तिपाई दगडाशेजारी लावली, चादर काढली, काचा पुसल्या. काकू चहा घेऊन आल्या आणि दगडावर बसल्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काकू, एवढं बोलवायचे, एकदा बघितलं असतं तर काय झालं असतं?"

काकूंनी कप दगडावर ठेवला. मग म्हणाल्या, "बघितलं असतं तर बोलवणं संपलं असतं की गं. रोज संध्याकाळी हाक यायची. मला ती पाहिजे होती. ते जातील असं कुठं ठाऊक होतं? वाटायचं, बघू पुढं कधीतरी, सावकाश." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघींचा चहा निवून गेला.

मग त्या उठल्या आणि कोणी काही न सांगता दुर्बिणीशी वाकल्या. मी म्हटलं, "काठावर बघा." काठाजवळ तीन मोठे खड्डे एकमेकांना खेटून होते आणि त्यांच्यात काळोख भरला होता. काकूंनी एक डोळा तळहाताने झाकला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "बेट्टदपुर कुठं आहे?"

"तिथे अजून ऊन पोचलं नाही, काकू. परवा दिसेल."

"परवा?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बघायला लागल्या. पृथ्वी फिरते तसा चंद्र दुर्बिणीतून सरकत जातो. बघणाऱ्याला वाटतं आपलंच काही चुकलं. काकू एकदम दचकल्या.

"गेला की गं! गेला."

"जातोच तो, काकू. नळी जरा हलवली की परत येतो. थांबा, मी आणून देते."

मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. डोळा काचेवरून काढला नाही.

"तू बेडा," काकू म्हणाल्या. "परत कसा आणायचा, ते मला शिकव."